योलांदबाईंचा जिवंत नवरा

योलांद फोरी या बाईंना गप्प बसता येत नाही, हे फ्रान्समधल्या आमच्या शांतलूब वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी खालच्या गावातल्या शाळेत पोरांसाठी स्वयंपाक केला. रोज सत्तर पोरं, सत्तर ताटल्या, आणि त्या सगळ्या कालव्यावर एकट्या बाईंचा आवाज. कोबी टाकणाऱ्या पोराशेजारी बसून त्या अशी काही गोष्ट लावत, की शेवट ऐकायच्या नादात पोर कोबी कधी संपवी ते त्यालाच कळत नसे. मग गावात पोरं कमी झाली, शाळा बंद पडली आणि बाई घरी बसल्या. घरी होता ओक्ताव.

ओक्ताव हा बाईंचा नवरा. तांबड्या गाई, बांधावरची चेस्टनटची झाडं आणि आभाळ एवढंच त्याचं जग, आणि त्याबद्दलही तो बोलत नसे, नुसता बघत असे. संध्याकाळी सातला टेबलाशी यायचं, खिशातला चाकू उघडून पाव कापायचा, सूप प्यायचं आणि तोंडासमोर पेपर धरायचा. सत्तर पोरांची सवय लागलेली बाई रोज समोरच्या पेपराच्या मागच्या पानावरच्या निधनवार्ता वाचत जेवू लागली. दगडाशी बोलावं तर दगड निदान पेपर तरी धरत नाही. सहा महिने त्यांनी कळ काढली. सातव्या महिन्यात परगावी गेलेल्या मुलाची आणि मुलीची खोली घासूनपुसून काढली, पडदे शिवले, आणि रस्त्याच्या वळणावर पाटी ठोकली: खोल्या मिळतील, न्याहारी मिळेल, रात्रीचं जेवण घरच्यांबरोबर.

पाटी वाचून ओक्ताव म्हणाला, "हं."

आता या धंद्यात एक नियम आहे. पाहुण्यांना रात्री जेवायला घालायचं, तर घरच्यांनी त्यांच्याच टेबलावर बसायचं आणि तेच जेवायचं. हॉटेलसारखं वाढून पळून जायचं नाही. बाईंना तर हेच हवं होतं. पण ओक्तावपाशी घोडं पेंड खाऊ लागलं. पहिले पाहुणे आले त्या दिवशी त्याने आपली सूपची वाटी उचलली, स्वयंपाकघरात गेला आणि दार लोटून घेतलं. बाई वाढायला आत गेल्या की दबक्या आवाजात त्याला झापत.

"लाज आहे का काही? बाहेर चार माणसं बसलीत."

"असू देत."

"पाटीवर घरच्यांबरोबर लिहिलंय. मी एकटी म्हणजे घरचे का?"

"तू पुरेशी आहेस," ओक्ताव म्हणाला आणि पाव मोडू लागला.

बाईही हट्टाला पेटल्या. रोज त्याची ताटली मांडायची, रोज खुर्ची ठेवायची, कधीतरी जनाची नाही तर मनाची वाटून येईल. तो आला नाही. आतून चमचा वाजला आणि पाहुण्यांनी मान वळवली, की बाई म्हणत, "मांजर आहे."

अशा रीतीने पहिल्याच उन्हाळ्यात ओक्ताव वारला. स्ट्रासबुर्गहून आलेल्या एका बाईंनी रिकाम्या ताटलीकडे बघून विचारलं, "अजून कोणी यायचंय का?" आता माझा नवरा त्या दारामागे बसून खातोय हे सांगायचं कसं? योलांदबाई म्हणाल्या, "ती ओक्तावची जागा. रोज मांडते मी." आणि त्यांनी सुस्कारा सोडला. सुस्कारा अगदी खरा होता. स्ट्रासबुर्गच्या बाईंनी चमचा खाली ठेवला, कपाटावरच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं आणि योलांदबाईंचा हात हातात घेतला. "फार सोसलंत हो तुम्ही." सोसलंय तर खरंच, असं मनात म्हणून बाईंनी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या वहीत मजकूर होता: सूप अप्रतिम, गादी मऊ, आपल्या दिवंगत पतींच्या आत्म्यास शांती लाभो. बाई आधी खो खो हसल्या. मग पान फाडायला हात घातला आणि थांबल्या. कारण आदल्या संध्याकाळी त्या बाईंनी ओक्तावबद्दल सगळं विचारलं होतं, आणि योलांदबाईंनी तीन तास सांगितलं होतं. जत्रेतल्या नाचात त्याने आपला पाय कसा चेंगरला, मुलगी जन्मली तेव्हा सुईणीला आणायला तो बर्फातून सात किलोमीटर कसा चालत गेला. मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलणं सोपं असतं. तो मध्ये पेपर धरत नाही.

तेव्हापासून बाईंनी खोटं असं कधी सांगितलं नाही, खरं तेवढं सांगायचं टाळलं. प्रत्येक पाहुण्यागणिक ओक्ताव देखणा होत गेला. बर्फातले सात किलोमीटर दुसऱ्या उन्हाळ्यात अकरा झाले आणि तिसऱ्यात चौदा. खरा ओक्ताव निळा डगला घालून अंगणातून जाई तेव्हा पाहुणे त्याला गडी समजत. बोर्दोच्या एका वकिलाने तर त्याला बाजूला घेऊन दम भरला, "मालकीणबाई एकट्या आहेत, कामात कुचराई करू नका." ओक्तावने टोपीला हात लावला आणि लाकडं फोडायला गेला. त्याला काही कळलेलं नाही अशी बाईंची पक्की समजूत होती. दगडाला काय कळायचंय?

आणि मग आले गिस्लाँ देलवो. नामूरचे, म्हणजे बेल्जियमचे, औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले, पाच वर्षांपूर्वी बायको गेलेली. पहिल्यांदा आले ते आळंबी शोधायला. बोलायला बसले की बाईंच्या तोडीस तोड. सूप दोनदा घेत आणि दोन्ही वेळा त्याची तारीफ करत. ओक्तावने एकेचाळीस वर्षांत त्या सूपबद्दल एकच मत दिलं होतं: "गरम आहे." देलवोसाहेब दुसऱ्यांदा आले, तिसऱ्यांदा आले, तिसऱ्या खेपेला फडकं घेऊन भांडी पुसायला निघाले आणि बाईंनी त्यांना स्वयंपाकघराच्या दारातून अक्षरशः ढकलून परत पाठवलं. आत मांजर जेवत होतं.

ऑक्टोबरात त्यांचं पत्र आलं. सर्व संतांच्या सणाला, म्हणजे एक नोव्हेंबरला, येतो आहे, आपल्याला एक महत्त्वाचं विचारायचं आहे. बाईंनी ते चार वेळा वाचलं. शेजारच्या मार्सलीनने एकदाच वाचलं.

"लग्नाचं विचारणार तो," मार्सलीन म्हणाली.

"वेड लागलंय का तुला? मला नवरा आहे!"

"हे त्याला माहीत आहे का?"

बाईंनी पत्र घडी करून एप्रनच्या खिशात टाकलं. आल्या आल्या त्यांना सगळं सांगून टाकायचं, असं ठरवलं. पण खरं सांगायचं तर पत्र आल्यापासून त्यांची चाल जरा बदलली होती. आपल्याला कोणी काही विचारायला आठशे किलोमीटर गाडी हाकत येतंय, ही गोष्ट सदुसष्टाव्या वर्षी बाईला सुखवते. त्यात त्यांची चूक होती असं मला वाटत नाही.

सणाच्या आदल्या दुपारी देलवोसाहेबांची गाडी अंगणात शिरली. शेजारच्या सीटवर, पट्टा बांधून, पिवळ्या शेवंतीची एक कुंडी बसली होती. चांगली धट्टीकट्टी. आमच्याकडे शेवंती जिवंत माणसाला कोणी देत नाही, ती फक्त थडग्यावर जाते. बाई दोन पावलं मागे सरकल्या.

"घाबरू नका मादाम, ही तुमच्यासाठी नाही," देलवोसाहेब हळुवारपणे म्हणाले. "ओक्ताव यांच्यासाठी आहे. आधी त्यांना भेटतो, मग तुमच्याशी बोलतो. तसंच बरं दिसतं."

अठ्ठावीस वर्षं सत्तर पोरांना पुरून उरलेली जीभ ऐन वेळी टाळ्याला चिकटली. "आधी कॉफी घ्या," एवढं बोलून बाई आत पळाल्या. कॉफी घेऊन बाहेर येतात तो अंगण रिकामं. ना साहेब, ना कुंडी. गोठ्याचं दार सताड उघडं आणि ओक्तावचा पत्ता नाही.

चोराच्या मनात चांदणं. बाईंनी कॉफी स्वतःच पिऊन टाकली, मग दुसरी केली, तीही प्यायल्या. अर्ध्या तासाने मार्सलीन हातात बादली आणि ब्रश घेऊन धापा टाकत आली. सणाच्या आधी सगळी वाडी आपापली थडगी घासायला कबरस्तानात जमते, ती तिथूनच पळत आली होती.

"योलांद! अगं, तुझा नवरा स्वतःच्या थडग्यावर फुलं वाहतोय!"

"काय?"

"या डोळ्यांनी बघून आले. मी आमच्या सासऱ्यांना घासत होते. तर पुढे ओक्ताव, हातात ही एवढी कुंडी, आणि मागे तो बेल्जियन. त्याने गोठ्यात जाऊन विचारलं असणार, तुमच्या मालकांना कुठे पुरलंय. आणि तुझा नवरा दाखवायला घेऊन आला! तुम्हा फोरींच्या घराण्याच्या थडग्यापाशी थांबले, ओक्तावने कुंडी ठेवली, टोपी काढली."

"काही बोलला?"

"बेल्जियन बोलला. म्हणाला, तुमचे मालक फार भले गृहस्थ होते म्हणे."

"आणि ओक्ताव?"

"ओक्ताव म्हणाला, असं म्हणतात."

बाई खुर्चीवर बसल्या. मार्सलीनही बादली ठेवून बसली, कारण अशी बातमी उभ्याने सांगायची नसते.

"मग तो म्हणाला, मी मादामना माझ्याबरोबर नामूरला चला म्हणून विचारणार आहे, आज जेवताना. मोठं घर आहे, नदीकाठी. म्हणाला, तुम्ही इथले जुने माणूस, मालकांची हरकत नसती ना?"

"अरे देवा. ओक्ताव काय म्हणाला?"

"काही नाही. कुंडी जरा उन्हात सरकवली."

बाई रडायच्या बेतात होत्या, आणि तेवढ्यात त्यांना हसू आलं, आणि मग पुन्हा रडायच्या बेतात आल्या. मार्सलीनला कसंबसं वाटेला लावून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. देलवोसाहेबांना खरं सांगावं लागणार, लाज जाणार, ते कायमचे जाणार, हे सगळं कळत होतं. पण भीती वेगळीच होती. ओक्ताव ओरडला तर चालेल. ताटल्या फोडल्या तरी चालेल, सासूच्या आहेत, एकीचंही नक्षीकाम आवडत नाही. पण आपली बायको आपल्याला तीन वर्षं मेलेला समजू देतेय, आणि दुसरा पुरुष तिला मागायला आलाय, एवढं ऐकूनही हा माणूस जर गोठ्यातून येऊन "हं" म्हणाला, तर मग तो खरंच मेला. मग बाईंनी घरात थांबायचं ते कोणासाठी?

ओक्ताव परत आला. खिडकीखालून गेला. बाई तावदान उघडून म्हणाल्या, "ओक्ताव..."

"गाई पाण्यावाचून आहेत," तो म्हणाला आणि गेला.

आठ वाजता टेबलाशी तिघं बसले होते. गळ्यात टाय बांधलेले देलवोसाहेब, आणि आळंबीच्या हंगामासाठी नांतहून आलेले शाळामास्तर आणि त्यांची बायको. बाईंनी कोबी आणि डुकराच्या मांसाचं सूप आणून ठेवलं. थोडं मेजपोसावर सांडलं. ओक्तावची ताटली नेहमीसारखी मांडलेली होती. मास्तरीणबाईंनी पाव उलटा ठेवला, आमच्याकडे तो अपशकुन, एरवी बाईंनी तो झडप घालून सुलटा केला असता, आज त्यांचं लक्षच नव्हतं.

"मादाम," देलवोसाहेब घसा साफ करून म्हणाले, "आज दुपारी मी ओक्ताव यांच्यापाशी थोडा वेळ उभा होतो..."

स्वयंपाकघराचं दार उघडलं. ओक्ताव बाहेर आला. अंगात काळा सूट, जो तो फक्त दुसऱ्यांच्या मयताला घालतो, केस पाणी लावून चापूनचोपून बसवलेले, हातात आपला चमचा.

"या, या!" देलवोसाहेबांना आनंद झाला. "सणासुदीला गड्यालाही टेबलावर बसवतात! मादाम, केवढं मोठं मन तुमचं. या इकडे, माझ्याशेजारी बसा. अहो, तिथे नको, ती जागा..."

"माझी आहे," ओक्ताव म्हणाला आणि बसला. "ओक्ताव फोरी."

मास्तरीणबाईंच्या हातून चमचा पडला. मास्तरांनी कपाटावरच्या फोटोकडे पाहिलं, ओक्तावकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. देलवोसाहेब आधी पांढरे झाले, मग गाजरासारखे लाल. ओक्तावने शांतपणे सूप वाढून घेतलं, संपवत आणलं, मग आमच्याकडच्या जुन्या रीतीने तळाशी राहिलेल्या घोटात लाल वाइन ओतली, वाटी गोल फिरवली आणि तोंडाला लावून पिऊन टाकली. मेलेल्या माणसाला शोभणार नाही असा आवाज करत त्याने मिश्या पुसल्या.

"मला माफ करा," योलांदबाई कुणाकडेच न बघता म्हणाल्या. "मी सांगणार होते. मी तसं म्हटलं नव्हतं कधी, पण तसं समजू दिलं. ओक्ताव, तुलाही आजच कळलं..."

"दोन वर्षं झाली," ओक्ताव म्हणाला.

"काय दोन वर्षं?"

"मरून तीन. कळून दोन. आतून सगळं ऐकू येतं." त्याने पाव कापला. "आणि ते बर्फातले सात होते. चौदा नव्हेत. चौदा चाललो असतो तर पोरगी आधीच जन्मली असती."

देलवोसाहेब मात्र सभ्य माणूस. त्यांनी टाय जरा सैल केला आणि अगदी मनापासून विचारलं, "मग तुम्ही आत का बसलात, मस्यू फोरी? इतक्या सुंदर टेबलावर, इतक्या चांगल्या बाईबरोबर का नाही बसलात?"

ओक्तावने वाटीत पाहिलं. मग चमचा बाजूला ठेवला.

"मी बसलो की ही बोलत नाही," तो म्हणाला. "तुमच्याबरोबर बोलते. हसते पण. माझ्यासमोर कधी अशी हसली नाही. म्हटलं, इथे येऊन बसलो तर परत थांबेल. आत ऐकू येत होतं. बरं वाटत होतं. त्यापायी मेलो तर मेलो, सूप तर गरम मिळत होतं."

"मग आज का आलात?" मास्तरीणबाईंनी विचारलं. त्यांना राहवलंच नाही.

"हे म्हणाले नामूरला नेतो." ओक्तावने देलवोसाहेबांकडे हनुवटी केली. "नामूर लांब आहे. तिथून ऐकू येणार नाही."

योलांदबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते पुसायचं सोडून त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की वाइनचे पेले उडाले.

"मी बोलत नाही? मी? अरे, एकेचाळीस वर्षं तू तोंडासमोर पेपर धरून बसलास आणि मी बोलत नाही?"

"पेपर खाली ठेवला की तू उठून भांडी घासायला जायचीस."

"कारण तू पेपर खाली ठेवायचास तो झोपायला जायला!"

"तू भांडी घासायला गेल्यावर दुसरं काय करणार?"

"हाक मारायची होतीस!"

"मारली होती. एक्क्याण्णव साली, ईस्टरच्या सोमवारी. तू म्हणालीस, नंतर."

"आईला ताप होता त्या दिवशी! मी तिचा काढा करत होते!"

"तुझी आई रविवारीच बरी झाली होती. सोमवारी कोकराचं मांस दोनदा घेतलं म्हातारीने."

"माझ्या आईचं खाणं काढू नकोस हं!"

आणि मग जे सुरू झालं ते काही केल्या थांबेना. लग्नातल्या वाजंत्रीपासून निघाले ते मुलाच्या नावापर्यंत आले, तिथून सासूच्या ताटल्यांवर, मग विकून टाकलेल्या एका गाईवर, जी विकायला नको होती असं दोघांचंही म्हणणं निघालं आणि तरी त्यावरच सर्वांत जास्त आवाज चढला. एकेचाळीस वर्षांतलं हे त्यांचं पहिलं भांडण. मास्तर आणि मास्तरीणबाई एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत सूप प्यायले, मांस खाल्लं, चीज संपवलं. बाई रडत होत्या, मध्येच हसत होत्या, आणि ओक्ताव, काळ्या सुटातला, बोटं मोजून आपला पुढचा मुद्दा सांगत होता.

सफरचंदाचा टार्ट ओट्यावर गार होत होता, तो आणायचं कुणालाच सुचेना. शेवटी देलवोसाहेब उठले, टार्ट घेऊन आले, स्वतःच कापला आणि पहिला तुकडा ओक्तावच्या ताटलीत वाढला. ओक्तावने तो घेतला, मान लववून आभार मानले, पण बोलणं काही थांबवलं नाही.